जुनी कंबरदुखी आणि मन : या चुका टाळा

ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की बीड, धारूर, केजकडच्या दवाखान्यांत कंबर, मान, गुडघे धरून आलेल्यांची रांग लागते. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, पट्टा झाला, एमआरआय झाला, तीन महिने उलटले तरी ज्यांची कंबर 'दुखायलीच' आहे त्यांच्यासाठी. इतकं लांबलेलं दुखणं ताज्या दुखण्यासारखं वागत नाही. त्यात मनाचा वाटा मोठा असतो, आणि हे वाक्य ऐकलं की पेशंट फाईल उचलून चालू लागतो. चुका तिथूनच सुरू होतात.

'खरं दुखतंय की मनाचं आहे?' असं विचारणं

रिपोर्टात काही सापडलं नाही की डॉक्टर म्हणतात, "काही नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." घरी सासू म्हणते, "कामाच्या टायमालाच बरी दुखती." आणि बाई म्हणते, "मला येडं समजायलेत सगळे." तिघंही एकच धरून चाललेले असतात की दुखणं एकतर हाडाचं, नाहीतर मनाचं.

वेदना कुठलीही असो, ती उमटते मेंदूत. विंचू चावला तरी तिथंच. नसा खबर पोचवतात, तिला किती भाव द्यायचा ते मेंदू ठरवतो, आणि ठरवताना भीती, राग, झोप, आधीचे अनुभव सगळं जमेस धरतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदना थांबवायला औषध हवंय का? सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. बीचर यांनी १९४६ साली हे छापलं आणि त्याचा अर्थ असा लावला की त्या सैनिकांसाठी जखम म्हणजे जीव वाचला, आता घरी जायचं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूतल्या 'दारा'ची कल्पना मांडली. शरीराकडून आलेली खबर त्या दारात अडते किंवा पुढं जाते, आणि वरून मेंदूही ते दार लोटू किंवा उघडू शकतो. तपशील पुढं बदलले, मूळ मुद्दा टिकला. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची १९७९ ची व्याख्याही वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव म्हणते. २०२० मध्ये ती सुधारली तेव्हा हा भाग तसाच राहिला. शिवाय माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान ठेवावा, अशी टीपही जोडली गेली. सासूबाईंना वाचून दाखवावी अशी टीप आहे.

दुखणं महिनोन् महिने चाललं की नसा आणि मेंदू जास्तच जागरूक होतात. गावात बिबट्या येऊन गेला की पुढं कित्येक दिवस उसात नुसती सळसळ झाली तरी लोक फटाके वाजवतात, तसंच. मूळ इजा भरून आलेली असते, पण साधं वाकणं, खाटेवर कूस बदलणं एवढ्यानंही कळ उठते. ही कळ खरी असते. ढोंग करून रात्री तीन वाजता कुणी घामाघूम होत नाही.

एका ऊसतोड बाईंना मी विचारलं, दुखणं कधी वाढतं? "वाकलं की." आणि न वाकता? त्या जरा थांबल्या. "मुकादमाचा फोन आला की. उचल फिटली न्हाई ना अजून." कापडाच्या दुकानाच्या पिशवीत त्यांच्याकडं चार वर्षांचे कागद होते, त्यांत उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, उल्लेख एकाही ओळीत नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनाही ती दवाखान्यात सांगायची गोष्ट वाटली नव्हती.

एमआरआयच्या कागदाला घाबरून बसणं

"मणक्यात गॅप आलाय" या एका वाक्यानं मराठवाड्यात जितकी माणसं खाटेला खिळवली असतील तितकी खऱ्या गॅपनं खिळवली नसतील, असं माझं मत आहे. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. मणक्यांमधल्या चकतीची (डिस्कची) झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत दिसली. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. म्हणजे कागदावरच्या अनेक गोष्टी केस पिकण्याच्याच जातीच्या असतात. रिपोर्ट खोटा नसतो. पण त्यात लिहिलेलं सगळंच दुखण्याचं कारण असतं असंही नाही.

भीतीचं पुढचं काम ठरलेलं असतं. वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, मोटारसायकलवर मागं बसायचं नाही, लग्नाला जायचं नाही. न वापरल्यानं स्नायू ढिले पडतात, मग थोडं वाकलं तरी दुखतं, आणि "बघा, डॉक्टर म्हणाले ते खरं होतं" अशी खूणगाठ पक्की होते. पट्टाही वर्षानुवर्षं बांधून ठेवायची गोष्ट नाही. तपासणी होऊन गंभीर काही नाही हे कळल्यावर थोडं थोडं हलणं हाच उपचार असतो. थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटलं, असं समजू नका.

पण या खुणा दिसल्या तर मनाकडं बोट दाखवू नका

लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ असेल ते. दुखण्यासोबत ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन असेल तरीही थांबू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडं दुर्मीळ नाही. आधी कॅन्सर होऊन गेला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

बरं वाटलं की सगळं एकाच दिवशी उरकणं

कापूस वेचणीत हे रोज दिसतं. पात धरली की संपेपर्यंत उठायचं नाही, बाकीच्या बाया पुढं जातील ही लाज. मग दोन दिवस आडवं पडायचं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की पुन्हा तेच. यात मेंदू एकच शिकतो की काम म्हणजे कळ. त्यापेक्षा दुखायच्या आधी थांबा. अर्धी पात झाली की पाच मिनिटं उभं राहा, दुखत नसलं तरी. जमलं की पुढच्या आठवड्यात थोडं वाढवा. वाईट दिवशीही काम शून्यावर आणू नका, निदान गल्लीच्या टोकापर्यंत चालून या. रोजंदारीवर हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण दोन दिवसांची रोजी बुडवण्यापेक्षा पाच मिनिटं परवडतात.

गोळ्यांच्या तीन गडबडी

पहिली म्हणजे मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी महिनोन् महिने खाणं. पोटात अल्सर होऊ शकतो, आणि उन्हातान्हात पाणी न पिता राबणाऱ्याच्या किडनीला ती जास्त बाधते.

दुसरी, बिनलेबलची पुडी. दोन दिवसांत चमत्कार झाला तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरांकडं जा.

तिसरी गडबड मनाशी थेट जोडलेली. डॉक्टर अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन लिहून देतात, मेडिकलवाला म्हणतो, "ही तर डोक्याची गोळी," आणि गोळी नालीत जाते. ही औषधं मूळची नैराश्याची आहेत हे खरं, पण मेंदूकडून मज्जारज्जूकडं येणारी वेदना अडवणारी यंत्रणाही ती बळकट करतात. अमिट्रिप्टिलीन तर वेदनेसाठी बहुधा नैराश्याच्या मानानं कमीच मात्रेत देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका.

पिशवी काढली की कंबर थांबेल, हा समज

२०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागं पाळीचे खाडे, कॅन्सरची दाखवलेली भीती अशी अनेक कारणं होती. पण "पिशवीमुळंच कंबर दुखते" हे आजही ऐकू येतं. नुसत्या कंबरदुखीसाठी पिशवी काढायची नसते. कुणी तसं सुचवलं तर सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या.

डॉक्टरांना अर्धंच सांगणं

कुठं दुखतं ते सगळे सांगतात. झोप किती लागते, कर्ज किती अंगावर आहे, घरात मारहाण आहे का, जवळचं कुणी गेलंय का, हे कुणी सांगत नाही. कमी झोपेनं दुसऱ्या दिवशीची वेदना वाढते, म्हणून झोपेचं तरी सांगाच. आठवडाभर एका कागदावर तीन गोष्टी लिहा: किती दुखलं, त्या वेळी काय चाललं होतं, रात्री झोप किती झाली. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या. तो कागद एमआरआयच्या वर ठेवून डॉक्टरांना द्या. घरच्यांनीही "किती दुखतंय आज?" असं तासातासाला विचारण्यापेक्षा "आज काय काय जमलं?" विचारावं. लक्ष दुखण्यावर खिळून राहिलं की दुखणं वाढतं.

जीव नकोसा झाला, काही सुचत नाही, असं वाटत असेल तर कंबर बरी व्हायची वाट बघू नका. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट चालते आणि मराठीत बोलता येतं. फोनवर सुरुवात कंबरदुखीपासून केली तरी चालते.