डीएनए चाचणीतून हरवलेलं नातं कसं शोधावं

पोर्तुगीज हस्ताक्षरं लावण्यातच गोव्याच्या नोंदणी कचेरीतली माझी नोकरी सरली. त्यामुळे ओळखीतल्या कुणाचा डीएनएचा निकाल आला की मोबाईल माझ्यापुढे येतो, "बाई, हा आमचा कोण?"

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःची चाचणी मागून करा. घरात आजी, आते, मोठे काका असतील तर आधी त्यांची. दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. ज्यांचे आजोबा सख्खे भाऊ, ते एकमेकांना बहुतेक सापडतातच. पणजोबा भाऊ असतील तर दहातला एखादा निसटतो, आणि खापरपणजोबांवर गेलात की निम्मेच हाती लागतात. मात्र म्हाताऱ्यांना आधी स्पष्ट सांगा, यातून घरातलं झाकलेलं काही उघडं पडू शकतं. तरी हो म्हणाले तरच पुढे जा.

थुंकी द्यायची असेल तर आधी अर्धा तास चहासुद्धा नाही. वय झालं की तोंड कोरडं पडतं आणि नळी भरता भरत नाही, म्हणून गालातून बोळा फिरवायची सोय असलेलं किट घ्या. मायहेरिटेज आणि फॅमिलीट्रीडीएनए या कंपन्यांचं तसं असतं.

निकालात सेंटिमॉर्गनचा आकडा येतो, म्हणजे दोघांचा किती डीएनए जुळतो त्याचं माप. सख्खं चुलत, मामे, मावस भावंड साधारण 850. सावत्र भाऊ, काका आणि आजोबा मात्र तिघेही 1750 च्या आसपास, म्हणून आकड्याबरोबर वय बघायचंच. एका ओळखीच्या काकांच्या जुळलेल्या लोकांच्या यादीत लिस्बनची बाई आली, 240. आडनाव अनोळखी. एवढ्या आकड्यावर आजोबा भाऊ-भाऊ असं म्हणता येतं, पण काका ऐंशीचे आणि ती तिशीची. मग काकांचा जो चुलता बोटीने मोझांबिकातल्या लोरेंसो मार्किशला (आताचं मापुतो) गेला होता, त्याची ती पणती असेल का? मोझांबिक 1975 साली स्वतंत्र झाल्यावर तिचं कुटुंब लिस्बनला गेलेलं. तिच्या आजीच्या जन्मनोंदीत बापाच्या आईवडिलांची नावं होती, कारण पोर्तुगीज नोंदीत दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहीत. इथल्या पुस्तकात काकांच्या वडिलांच्या नोंदीत आईबाप तेच. तेव्हा कुठे नातं ठरलं. नावं शोधताना स्पेलिंगवर विसंबू नका. प्रभूचा पोरोबो आणि कामतचा कामोतीम झालेला असतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड. पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत सोयरिकी, त्यामुळे आकडा फुगतो आणि लांबचा माणूस जवळचा दिसतो. अशा वेळी डीएनएचा सलग जुळणारा सर्वांत लांब तुकडा बघा. एकूण 60 आणि लांबातला लांब तुकडा 9, तर ते जुनंपुराणं विखुरलेलं नातं आहे, त्यामागे लागू नका.

म्हार्दोळच्या म्हाळसा देवीचे कुळावी, म्हणजे ज्यांची ती कुलदेवी, विचारतात, देवीच्या मूळ गावी वेर्ण्याला राहून सोळाव्या शतकात बाटलेली आपली शाखा सापडेल का? या चाचणीत नाही, ती पाच-सहा पिढ्यांपर्यंतच चालते. दोन्हीकडच्या पुरुषांनी वाय गुणसूत्राची चाचणी केली तर बापाकडची जुनी रेघ जुळते का ते कळेल.

संपर्क साधताना पहिल्याच निरोपात 'आपले आजोबा एक' असं ठोकू नका. गाव, आडनाव, कोण कुठे गेलं एवढंच लिहा, आणि घर-भाटाचा (घर आणि नारळीच्या बागेचा) विषय काढूच नका. गोव्यात वारसाहक्क मुलांना कायद्यानेच मिळतो, इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारशाच्या वाटणीचे, खटले वर्षानुवर्षं चालतात. नवा नातेवाईक म्हणजे वाटेकरी हीच पहिली शंका येते. तसा दावा कुणी केलाच, तर घरबसल्या किटचा कागद कोर्टात चालत नाही. त्यासाठी नमुना कुणाचा, कुणासमोर घेतला याची नोंद ठेवणारी वेगळी चाचणी करावी लागते.