खेप एकच, तांब्या आपापला: टाळेबंदीतली एप्रिल-मेची शेतीकामं

२०२० साली गुढीपाडव्याच्या दिवशीच, २५ मार्चला, कोरोनामुळे टाळेबंदी सुरू झाली. गहू कापणीला आलेला, हरभऱ्याचे ढीग खळ्यावर, उन्हाळ कांदा वावरात, आणि रस्ते बंद. एप्रिलमध्ये मुदत ३ मेपर्यंत वाढली, आणि हे सांगणं त्याच दिवसांतलं आहे. तरी रोज फोन यायचे, "शेतात जाऊ का? पोलीस अडवतील का?" म्हणून आधी तेच सांगतो.

शेतीची कामं बंद नव्हती. केंद्राच्या १५ एप्रिलच्या आदेशात शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी शेतात करायच्या सगळ्या कामांना मोकळीक होती. बाजार समित्या, बियाणं-खतं-औषधांची दुकानं, अवजारांचे सुटे भाग आणि दुरुस्ती, भाड्याने यंत्रं देणारी केंद्रं, हार्वेस्टरची ये-जा, दूध संकलन यांनाही सूट होती. रोजगार हमीतली जलसंधारणाची आणि सिंचनाची कामं सुरू करता येत होती. मात्र गाव प्रतिबंधित क्षेत्रात, म्हणजे कोरोनाचे रुग्ण सापडल्याने बंद केलेल्या भागात, असेल तर यातली कुठलीच सवलत लागू नव्हती, तिथे प्रशासन सांगेल तेच. चारचौघांत तोंड झाकणं सक्तीचं होतं, थुंकलं तर दंड होता, आणि सार्वजनिक जागी पाच किंवा त्याहून जास्त जणांनी जमायचं नव्हतं. बाहेर पडताना सातबाऱ्याची झेरॉक्स आणि आधार कार्ड खिशात ठेवा. नाक्यावर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

एवढी मोकळीक होती म्हटल्यावर जपायचं कुठे, हा खरा प्रश्न. मागच्या आठवड्यात एका हरभऱ्याच्या वावरात गेलो होतो. नऊ माणसं कामाला. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल किंवा पदर, दोघांत चांगलं दहा फुटांचं अंतर. बरं वाटलं. साडेअकराला जेवायची सुट्टी झाली आणि सगळे एका लिंबाच्या सावलीत गुडघ्याला गुडघा लावून बसले. रुमाल गळ्यात आले. एक घागर, तिच्यावर एकच तांब्या, आणि तो तांब्या नऊ ओठांना लागला. जेवण झाल्यावर तंबाखूची पुडी फिरली. चुन्याची डबीही एकच, तिच्यात पाच जणांची बोटं गेली आणि तीच बोटं मळलेली तंबाखू घेऊन ओठाखाली. सकाळपासून पाळलेलं अंतर अर्ध्या तासात वाया गेलं.

शेतात काम करताना वारा असतो, जागा असते, तिथे धोका कमी. धोका सावलीत आहे, टेम्पोत आहे, दुकानाच्या काउंटरवर आहे. म्हणून माझा सगळा जोर कामापेक्षा कामाच्या अवतीभवती काय घडतं त्यावर आहे.

पाण्याचं आधी बघा. प्रत्येकाने घरून आपली बाटली आणि आपला तांब्या आणायचा. घागरीत कुणी हात किंवा भांडं बुडवायचं नाही, एकानेच ओतून द्यायचं. तोटीचा जार मिळाला तर उत्तमच. जेवायला दोन-तीन झाडांखाली वेगवेगळं बसा, सावली एकच असेल तर दोन पाळ्यांत जेवा. भाजी-चटणीची देवाणघेवाण काही दिवस राहू द्या. आपल्याकडे हे सांगायला जड जातं, मला माहीत आहे. शेजारणीच्या डब्यातला घास नाकारणं म्हणजे अपमान वाटतो. त्यासाठी शेतमालकानेच कामाला लागण्यापूर्वी सगळ्यांना एकदा सांगून टाकावं, म्हणजे कुणा एकीवर नको म्हणायची वेळ येत नाही. बांधावर साबणाची वडी आणि पाण्याचा कॅन ठेवा. कामाआधी, जेवणाआधी आणि घरी निघताना वीस सेकंद हात चोळून धुवायचे. साबण पुरेसा आहे, सॅनिटायझरसाठी तालुक्याला धावू नका. तो असेलच तर चूल, विडी आणि डिझेलपासून लांब ठेवा. त्यात अल्कोहोल असतं, हाताला ओलं असताना काडी ओढली तर हात पेटतो.

मजुरांबद्दल एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं: टोळी बदलू नका. शक्यतो गावातलीच माणसं घ्या आणि ज्यांनी पहिल्या दिवशी काम केलं त्यांनाच हंगाम संपेपर्यंत ठेवा. आज या वावरात, उद्या त्या गावात अशी फिरती टोळी घेतली तर कोण कुणाच्या संपर्कात आलं हे नंतर सांगता येत नाही. पिकअपमध्ये वीस बायका कोंबून आणणं आता बंद. चालत येण्याजोग्या अंतरावरच्या बायकांना बोलवा, नाहीतर दोन खेपा करा. कुणाला ताप, कोरडा खोकला किंवा धाप असेल तर त्याला घरी पाठवा, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. मजुरी बुडेल या भीतीनेच माणूस ताप लपवतो. पैसे रोज हातावर मोजण्याऐवजी आठवड्याचे एकदम पाकिटात घालून द्या, पण पूर्ण द्या. काम कमी झालं म्हणून मजुरीचा भाव पाडायची ही वेळ नाही.

ऊन वाढलं आहे. तोंडावर जाड कापड बांधून भर दुपारी काम केलं तर उष्माघात होईल. सकाळी सहा ते साडेदहा आणि नंतर साडेचारपासून दिवस मावळेपर्यंत काम करा. जवळपास कुणी नसताना रुमाल खाली घ्यायला हरकत नाही, दुसरा माणूस जवळ आला की वर. घामाने भिजलेला रुमाल बदला. घरून दोन-तीन न्या, संध्याकाळी साबणाने धुऊन उन्हात वाळवा.

फवारणीसाठी मात्र हा रुमाल अजिबात चालत नाही. कापडाने शिंतोडे अडतील, वाफ अडत नाही, उलट औषधाने भिजलेलं कापड नाकावर राहतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरू नका. फवारणीचा मास्क आणि कपडे वेगळे ठेवा आणि ते घालून गावात येऊ नका. फवारणीनंतर डोकं दुखलं, मळमळलं, धाप लागली तर डॉक्टरांना कोणतं औषध फवारलं ते आधी सांगा, डब्याचं लेबल सोबत न्या. तेव्हा धाप म्हटली की सगळ्यांचं लक्ष कोरोनाकडे जायचं, आणि विषबाधेच्या उपचाराला उशीर परवडत नाही.

मळणी यंत्रावर चार-पाच माणसं खेटून उभी राहतात. पेंढ्या देणारा, दाणे काढणारा आणि भुसकट ओढणारा यांच्या जागा ठरवून घ्या, मध्येच अदलाबदल नको. हार्वेस्टर बाहेरून आला असेल तर चालकाला भेटायला, यंत्र बघायला अख्खं गाव जमतं. पोरांना तर आवरतच नाही. चालकाची जेवणा-राहण्याची सोय वेगळी करा, पण करा, तो घरदार सोडून आला आहे. स्टिअरिंग, दांडे, ट्रॅक्टरचा गिअर, पाठीवरच्या पंपाचे पट्टे हे हाताळणारा बदलला की साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. विळा, खुरपं, कातरी ज्याची त्याची. द्राक्षाच्या खरड छाटणीला (एप्रिलमधल्या छाटणीला) एक ओळ सोडून एक माणूस लावला की अंतर आपोआप राहतं.

आता बाहेर जाण्याचं. एक शेतकरी मला सांगत होते, एका दिवसात तालुक्याला तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा मळणी यंत्राचा बेल्ट, मग पंपाचा वायसर, मग ठिबकचे जॉइनर. तीन वेळा नाका, तीन वेळा दुकानातली गर्दी. घरी त्यांची ऐंशीच्या घरातली आई. दुकानात जाण्याआधी सगळ्या अवजारांभोवती एक फेरी मारा आणि यादी कागदावर लिहा: बेल्ट, वायसर, नोझल, जॉइनर, एंड कॅप, फ्यूजची तार, ग्रीस, दोरी, सुई-सुतळी. त्याच कागदावर घरातल्या गोळ्या आणि किराणा. बीपी-शुगरची गोळी महिन्याची एकदम आणा. कृषी सेवा केंद्रात आधी फोन करून माल काढून ठेवायला सांगा. घरातून एकाच धडधाकट माणसाने जायचं, म्हाताऱ्यांना आणि पोरांना सोबत न्यायचं नाही. शेजाऱ्याला विचारून त्याचीही यादी घेतलीत तर दोन घरांची एकच खेप होते. परत आल्यावर आधी हात-पाय धुवायचे, मग उंबरा ओलांडायचा.

बँकेची खेप तर बरेचदा लागतच नव्हती. १ मार्च ते ३१ मे २०२० या काळात भरायच्या तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याज सवलतीसह ३१ मेपर्यंत मुदत दिली होती. पीएम किसानचे दोन हजार खात्यात आले असतील तर ते कुठे जात नाहीत. गरज असेल तर पोस्टमनकडून आधार जोडलेल्या खात्यातले पैसे घरी मिळण्याची सोय आहे. अंगठा लावून झाला की हात धुवा. दूध घालायला किटली घेऊन जाणाऱ्यांनी संकलन केंद्राबाहेर सहा-सहा फुटांवर चुन्याच्या खुणा करून घ्याव्यात आणि दूध मोजून झालं की गप्पा न मारता निघावं.

बाजार समितीत माल नेण्याआधी त्या दिवशी लिलाव आहे का, किती गाड्या घेणार, हे फोन करून विचारा. काही ठिकाणी टोकन होतं. भरलेली गाडी परत आणण्याइतकं नुकसान दुसरं नाही. गाडीसाठी केंद्राने १७ एप्रिल २०२० ला 'किसान रथ' हे ॲप सुरू केलं, घरातल्या शिकलेल्या मुलाला बघायला सांगा.

टिकणारा माल घाईने विकू नका. उन्हाळ कांदा हे त्याचं पहिलं उदाहरण. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या, म्हणजे पात आडवी झाली, की काढा. पातीसकट वावरात तीन-चार दिवस अशा ओळी लावा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी, म्हणजे कांदा उन्हाने भाजत नाही. इंचभर मान ठेवून पात कापा. कापायला बायका एका ढिगाभोवती गोल बसतात. तसं न करता प्रत्येकीला तिचा छोटा ढीग द्या, सहा फुटांवर. मग दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. जोड, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे, खरचटलेले कांदे बाजूला काढून आधी विका, उरलेला निवडक माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, घाला. थराची उंची चार-पाच फुटांच्या वर नको, रुंदी चार फूट, खालून हवा खेळायला दीड-दोन फूट मोकळी जागा हवी. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा किरण किंवा जुना एन-२-४-१ हा वाण असेल आणि सुकवणी नीट झाली असेल तर चार-पाच महिने काळजी नाही. मात्र अवकाळीचं वातावरण दिसलं की आधी ताडपत्री, मग बाकी सगळं.

गहू बारा टक्के ओलाव्यापर्यंत आणि हरभरा दहा टक्क्यांपर्यंत वाळवा. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. जुनी पोती वापरायची असतील तर पाच टक्के निंबोळी द्रावणात बुडवून कडक वाळवून घ्या. हळद शिजवून वाळली असेल तर तिला घाई नाही. द्राक्ष अडकलं असेल आणि गोडी चांगली भरली असेल तर बेदाण्याचा विचार करा. टोमॅटो, कलिंगड आणि फुलांचं दुखणं मोठं आहे. जवळच्या गावात, सोसायट्यांत गट करून थेट विक्री एवढाच मार्ग मला दिसतो.

पुण्या-मुंबईहून मुलं परतली होती, अजून येत होती. त्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायला शेतातली खोली किंवा गोठ्याजवळचं शेड चांगलं. पाणी, दिवा, मोबाइल चार्जिंग एवढं बघा. एकट्याने करण्याजोगं काम द्या: ठिबकच्या नळ्या गोळा करणं, बांध साफ करणं, कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) उपटणं. पऱ्हाटी शेतात ठेवली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं. ती आपलीच लेकरं आहेत, त्यांना वेशीवरून हाकलू नका. ताप-खोकला दिसला तर तेव्हा १०७५ या हेल्पलाइनवर फोन करायचा होता. पिकाचं काही विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे, त्यासाठी प्रवास नको.

आणि खरीप. मे अखेरीस बियाण्याच्या दुकानात झुंबड उडते, त्या वर्षी ती टाळायलाच हवी होती. घरचं सोयाबीन असेल तर उगवण तपासा. वरून, खालून, मधून असे न निवडता शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, सुकू देऊ नका. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो पुरतं. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरू नका, गावातच दुसऱ्याकडे चांगलं आहे का विचारा. सोयाबीनचं साल नाजूक असतं, म्हणून बियाण्याचं पोतं आपटू नका आणि वाळवताना सिमेंटच्या ओट्यावर कडक उन्हात पसरू नका. गोणपाट आजच भिजवलंत तर पुढच्या आठवड्यात निकाल हातात येईल.