गॅरी कॉनला पहिल्यांदा जाताना

गॅरी गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात वारले. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली आणणाऱ्या दोघांपैकी ते एक. अंत्यविधीनंतर घरची माणसं आणि जुने खेळगडी गावातल्याच अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये जमले आणि फासे काढून खेळायला बसले. तोच खेळ २००९ पासून दर मार्चला मांडला जातो, तो म्हणजे गॅरी कॉन, अशा खेळांचा मेळावा. गॅरींचे चिरंजीव ल्यूक तो चालवतात. आपल्याकडे भीमसेनांनी सवाई गंधर्वांची आठवण गाण्यानेच जागती ठेवली, तसंच हे. श्रद्धांजली म्हणजे खेळणं. म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं: प्रेक्षक म्हणून जाऊ नका.

मी पहिल्या वर्षी नेमकी तीच चूक केली. दीड दिवस विक्रीच्या दालनात आणि मुलाखती ऐकण्यात घालवला. समोर सगळे अमेरिकन, पटापट बोलणारे, त्यातले अर्धे माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्यात बसून इंग्रजीतून जादूगारीण वठवायची हिंमत होत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी एका टेबलावरची एक खुर्ची रिकामी राहिली होती. पांढऱ्या दाढीच्या डीएमनी (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ती खुर्ची पायाने मागे सरकवली.

पुढचे चार तास मला अजून जसेच्या तसे आठवतात. डीएमनी प्रत्येकापुढे आधीच तयार केलेलं एक-एक कॅरेक्टर, म्हणजे वठवायच्या पात्राचा कागद, ठेवलं. माझ्या वाट्याला जादूगारीण आली. दोन हिट पॉइंट (पात्रात किती जीव आहे त्याचा आकडा), एक सुरी आणि दिवसातून एकदाच टाकता येणारा एक मंत्र. माझ्या शेजारच्या बाईंकडे नकाशाचं काम होतं. डीएम सांगायचे, "तीस फूट सरळ, मग डावीकडे फाटा," की बाई ग्राफ पेपरवर तीन चौकोन पुढे जाऊन वळायच्या. एक चौकोन म्हणजे दहा फूट. मोठ्या पडद्यावर काही नाही, मांडलेली चित्रं नाहीत. आमचा सगळा वाडा त्या एका कागदावर होता आणि बाईंचा एक चौकोन चुकला तेव्हा परतीची वाट खरंच सापडेना.

मध्ये चहाला उठलो तेव्हा डीएमनी खिशातून वीस बाजूंचा एक जुना फासा काढला. त्याच्यावर एक ते वीस नव्हतंच. शून्य ते नऊ हे आकडे दोन-दोनदा होते. निम्म्या आकड्यांमध्ये लाल मेणखडू भरलेला. लाल पडला की त्यात दहा मिळवायचे. त्या काळी मिळणारे वीस बाजूंचे फासे असेच असत आणि मेणखडू ज्याचा त्याने घासायचा. कडा झिजून गोल झाल्या होत्या. "टाक," म्हणाले. मी टाकला.

आता तयारीचं. आधी प्रवेशाचा बॅज घ्यावा लागतो आणि प्रत्येक खेळाची जागा ऑनलाइन वेगळी राखावी लागते. नावाजलेल्या माणसांची टेबलं बघता बघता भरतात, त्यांच्यामागे धावू नका. ज्यांची नावं तुम्ही ऐकलेली नाहीत, अशांचे जुन्या नियमांचे, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचे खेळ निवडा. तिकीट नसलं तरी वेळेच्या दहा मिनिटं आधी टेबलाजवळ जाऊन उभं राहा. कोणी ना कोणी येत नाहीच. दिवसाला दोनच खेळ घ्या. मी एकदा लागोपाठ तीन घेतले आणि तिसऱ्यात डोकं इतकं शिणलं होतं की दुसऱ्यांचं बोलणंही नीट ऐकलं नाही, हे त्या टेबलावर अन्याय करणारं होतं.

नवे नियम येत असतील, तर एक गोष्ट घोकून जा: जुन्या नियमांत आर्मर क्लास (तुमच्यावर वार बसणं किती अवघड, ते सांगणारा आकडा) जितका कमी तितका चांगला. आणि जुन्या खेळात दार दिसलं की आधी प्रश्न विचारायचे. फटीतून उजेड येतो का, जमिनीवर धूळ आहे का, आतून आवाज येतो का. फासा त्यानंतर. अडखळत्या इंग्रजीत विचारलेला चांगला प्रश्न तिथे सफाईदार अभिनयापेक्षा जास्त मोलाचा ठरतो, हे मला त्या रात्री कळलं.

कॉन भरतो ग्रँड जिनिव्हा रिसॉर्टमध्ये, गावाच्या थोडा बाहेर. गावात रेल्वे येत नाही. गाडी असलेला सोबती शोधा. मार्चमध्ये थंडी बोचरी असते. शाकाहारी असाल तर कोरडा चिवडा, दशम्या बरोबर ठेवा, फक्त तेलकट हात दुसऱ्याच्या फाशांना लावू नका.

एक सकाळ गावासाठी राखाच. हॉर्टिकल्चरल हॉल अजून आहे. १९६८ साली गॅरींनी तो पन्नास डॉलर भाड्याने घेऊन जेन कॉन हा खेळाडूंचा मेळावा पहिल्यांदा भरवला. सेंटर स्ट्रीटवर त्यांचं घर. विम्याची नोकरी सुटल्यावर या माणसाने घरी बूटदुरुस्ती करून संसार चालवला आणि खेळाचे पहिले हजार डबे घरातच हाताने भरले. घर रस्त्यावरूनच बघा. आणि त्या दोघांपैकी दुसरे, डेव्ह आर्नेसन, यांचं नाव घेतल्याशिवाय परतू नका. भुयारात उतरून खेळायची रीत त्यांच्या मिनेसोटातल्या 'ब्लॅकमूर' खेळातून आली. १९७२ च्या अखेरीस त्यांनी तो लेक जिनिव्हात येऊन गॅरींना खेळून दाखवला, तिथून पुढचं सगळं घडलं. गॅरींच्या प्रेमापोटी लोक हे विसरतात, ते मला बरं वाटत नाही.

माझी जादूगारीण त्या रात्री वाचली नाही. मंत्राने गॉब्लिनांची अख्खी टोळी झोपवली, पण परतीच्या चुकलेल्या वाटेवर एका बाणात दोन्ही हिट पॉइंट गेले. डीएमकडे मेलेल्या कॅरेक्टरांची एक जाड फाइल होती. तिच्यात माझा कागद लावण्याआधी त्यांनी पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, नाव तुझ्या लिपीत लिही. मी 'कोयना' असं लिहिलं. पुढच्या मार्चला मी त्यांच्या टेबलाशी गेले, तेव्हा त्यांनी आधी ती फाइल उघडून ते पान दाखवलं आणि मग नवा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.