कपाटाचा स्क्रू आणि माझा पेचकस

टिळकवाडीतल्या घरात सुटं आलेलं कपाट जोडायला बसलो आणि पहिल्या दोन स्क्रूंची डोकीच झिजली. पेचकस गरगर फिरायचा, स्क्रू जागचा हलेना. शेजारचे काका म्हणाले, "जोर नको लावूस, आधी डोकं बघ." उजेडात धरलं. फुलीच्या मधे आणखी चार बारीक रेघा! म्हणजे हा पोझिड्राइव्ह प्रकारचा स्क्रू. आपला नेहमीचा फुलीचा पेचकस फिलिप्स प्रकारचा, तो यात घट्ट बसत नाही, घसरतो.

खडेबाजारातून पीझेड २, म्हणजे पोझिड्राइव्हच्या दोन नंबर मापाचं बिट (पेचकसाचं सुटं टोक) आणलं. झिजलेल्या डोक्यांवर रुंद रबरबँड ठेवून, बिट दाबून हळू फिरवलं, दोन्ही निघाले. पुढे एकही बिघडला नाही.

लांब स्क्रूंना ४ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची वाकडी किल्ली) लागली. पाकिटातली आखूड असते, तळहाताला वळ उठतात. टी-हँडलची घ्या, खरंच सांगतो. लाकडी खुंट्यांना रबरी हातोडी.

ड्रिलने शेवटचा पीळ कधीच देऊ नका. पार्टिकल बोर्ड म्हणजे चिकटवून दाबलेला भुसा, आतला भाग एकदा भुगा झाला की स्क्रू धरतच नाही. शेवटचे दोन फेरे हातानेच.