ट्रकचालकांचे रस्त्यावरचे किस्से कसे ऐकावेत आणि कसे लिहून ठेवावेत

माझे थोरले मामा बरीच वर्षे नाशिक ते दिल्ली या मार्गावर ट्रक चालवत होते. जाताना कांदा किंवा द्राक्षे असत आणि येताना जे भाडे मिळेल ते. ते घरी आले की ओसरीवर माणसे जमत, रात्र रात्र किस्से चालत, पण त्यांतला एकही कोणी लिहून ठेवला नाही. मी वही घेऊन बसू लागलो तोवर मामांनी गाडी सोडली होती. पुढे त्यांच्या ओळखीने इतर चालकांकडेही जाऊ लागलो. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, मालाचे नग आणि वजन लिहिलेले असते, वजनकाट्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ असते, पण त्या खेपेत चालकाच्या वाट्याला काय आले याची नोंद कुठेच होत नाही. आपल्या घरात, आळीत किंवा गावात लांब पल्ल्याचा चालक असेल, तर ही नोंद आपण करून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. ती कशी करावी, हे माझ्या अनुभवावरून येथे सांगतो.

कधी आणि कुठे ऐकावे

पहिला नियम असा, की गाडी चालू असताना किस्सा विचारू नये. शेजारी बसूनही नाही आणि फोनवर तर मुळीच नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातलेली होती, परंतु माल पोहोचवण्याची घाई असलेल्या खेपेत ती किती पाळली जाई, हे कोणताही चालक सांगेल. म्हणून ज्याची झोप झालेली नाही, त्याच्याकडे काही मागू नये. त्याला आधी झोपू द्यावे, अंघोळ करू द्यावी, जेवू द्यावे.

चालकाच्या आयुष्यात चालवण्याइतकाच वेळ थांबण्यात जातो आणि तोच आपला वेळ. माल भरण्यासाठी नंबर लागलेला असतो, हमाल जेवायला गेलेले असतात, हुंडेकऱ्याकडून, म्हणजे मालासाठी गाडी ठरवून देणाऱ्याकडून, बिल्टी हातात पडायची असते किंवा परतीचे भाडे ठरायचे असते. नाशिकचा आडगाव नाका, निगडीचे ट्रान्सपोर्ट नगर, कळंबोलीचा लोखंड बाजार अशा ठिकाणी दुपारी चारच्या सुमारास गेलात, तर गाड्यांच्या सावलीत सतरंजी टाकून बसलेली माणसे हमखास भेटतात. तेथे एकट्याला बाजूला घेऊ नये. दोन-तीन चालक एकत्र असले की एकाचा किस्सा दुसऱ्याला आठवण करून देतो, तिसरा त्यात दुरुस्ती करतो, आणि आपल्याला फारसे बोलावेच लागत नाही. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी स्पष्ट विचारावे, आणि फोन मांडीवर न ठेवता बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, कारण शेजारची एखादी गाडी सुरू झाली की बाकी सगळे बुडून जाते.

काय विचारावे

‘एखादा गमतीदार किस्सा सांगा’ असे कधीही म्हणू नये. असे म्हटले की चांगला बोलका माणूसही गप्प होतो, किंवा सगळीकडे फिरलेली, कोणाचीही असू शकेल अशी एखादी गोष्ट सांगून मोकळा होतो. गंमत मागायची नसते, काम विचारायचे असते. गाडीत माल काय होता, कोणी भरला, ताडपत्री कोणी बांधली, घाटात कोणता गिअर होता, पहिला चहा कुठे घेतला, असे विचारत गेले की चालक त्या खेपेत पुन्हा जाऊन बसतो आणि गंमत वाटेत आपोआप येते. ‘क्लीनर म्हणून पहिल्यांदा कोणत्या उस्तादाबरोबर गेलात?’ हा प्रश्न तर मी प्रत्येकाला विचारतो आणि तो आजवर एकदाही वाया गेलेला नाही, कारण शिकतानाच्या चुका माणूस आयुष्यभर जपून ठेवतो.

मामांचा असाच एक प्रसंग आहे. ते नुकतेच स्वतंत्रपणे गाडी चालवू लागले होते आणि हिंदी कामापुरती येत होती. गाडीत कांदा होता. चंबळ ओलांडण्याआधी, मुरैनाच्या अलीकडे कुठेतरी रस्त्याचे काम चालू असल्यामुळे वाहतूक वळवलेली होती. मामांनी एका माणसाला रस्ता विचारला. तो म्हणाला, ‘आगे से दायें.’ मराठी कानाने ‘दायें’चे ‘डावे’ केले आणि मामांनी गाडी डावीकडे घातली. रस्ता आधी गल्ली झाला, मग बोळ झाला आणि शेवटी समोर लग्नाचा मांडव आला. मागे फिरायला जागा नव्हती. गाडीचे दिवे पाहून मांडवातला आचारी धावत आला, फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या फळीवर, थाप मारून म्हणाला, ‘प्याज़ आ गया!’ आणि त्याच्या दोन माणसांनी दोरी सोडायला सुरुवातही केली. त्यांचा सांगितलेला कांदा दुपारपासून आलेला नव्हता.

येथे मी मामांना थांबवून विचारले, की मग तुम्ही कांदा दिलात का? हा प्रश्न विचारला नसता, तर किस्सा अर्धाच राहिला असता. मामा म्हणाले, ‘अरे, माल व्यापाऱ्याचा. एक गोणी कमी भरली तर भाड्यातून कापतात. पण आमच्या स्वयंपाकाचा कांदा केबिनमध्ये वेगळा होता, तो अर्धा कट्टा दिला काढून.’ मग वऱ्हाडाने मामांना आणि क्लीनरला पंगतीत बसवून जेवू घातले आणि वीस-पंचवीस माणसांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नजर ठेवत गाडी बोळातून मागे काढून दिली. क्लीनर मागे फाळका वाजवत ‘आने दे, आने दे’ ओरडत होता आणि त्याच्यामागे बँडवाले चालत होते. अर्ध्या कट्ट्याचा तो तपशील लिहिलेल्या किस्स्यात आल्यावाचून राहू नये, कारण व्यापाऱ्याचा माल आणि आपला माल यांतली रेषा अशा घोळातही मामांच्या मनात पुसली गेली नव्हती, हे त्यातूनच कळते.

भाषेचे घोटाळे प्रत्येक चालकाकडे असतात. ते जरूर विचारावेत. हिंदी मुलखात ‘यातायात पुलिस’ अशी पाटी पाहून आपल्याकडच्या अर्थाने हसलेले चालक मला बरेच भेटले आहेत. कर्नाटकात वाढपी ‘बेडा’ म्हणाला तेव्हा तो ‘नको का?’ असे विचारत होता, ‘वेडा’ म्हणत नव्हता, हे कळायला एकाला दोन खेपा लागल्या. असे लिहिताना ऐकलेला शब्द, समजलेला अर्थ आणि खरा अर्थ ही तिन्ही नोंदवावीत.

शब्द जसेच्या तसे ठेवावेत

चालकांची बोली पुस्तकी करू नये. फाळका, ताडपत्री, स्टेपनी, टॉमी, कमानपाटे, काटा, वाराई, भत्ता, रिटर्न भाडे हे शब्द तसेच लिहावेत; एखादा शब्द वाचकाला अडेल असे वाटले, तर पुढच्या वाक्यात कामाच्या वर्णनातून त्याचा अर्थ उलगडू द्यावा. चालकाने हिंदीत सांगितलेले वाक्य हिंदीतच ठेवावे. गाडीमागचा मजकूर आणि गाडीचे नाव अवश्य विचारावे, कारण नाव बहुधा मुलीचे, आईचे किंवा ग्रामदैवताचे असते आणि ते कसे ठरले यातून घरातली एक गोष्ट निघते.

काळ कसा ठरवावा

चालकाला साल क्वचितच आठवते, पण रस्ता बरोबर आठवतो. किस्स्याचा काळ ठरवण्याच्या कामाला सर्वांत अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे, कारण त्याशिवाय तो किस्सा कोणत्या जगात घडला हे पुढच्या वाचकाला कळत नाही. मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्र काढल्याचे कोणी सांगितले, तर तो प्रसंग १ जुलै २०१७ च्या आधीचा असतो. त्या दिवशी वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. टोलवर सुट्या पैशांवरून झालेली हुज्जत फेब्रुवारी २०२१ पूर्वीची असण्याचा संभव अधिक, कारण तेव्हापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टोलनाक्यावर कोणी पैसेच घेतले नाहीत असे कोणी म्हणाला, तर त्याला नोटाबंदीबद्दल विचारावे. त्या वेळी नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली टोलमाफी २ डिसेंबरपर्यंत चालली. सगळे धाबे बंद, गाडीखाली स्टोव्ह पेटवून खिचडी, असे वर्णन आले की ते २०२० च्या मार्च-एप्रिलमधले असते.

रस्त्यांच्या क्रमांकांत मात्र फसगत होते. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, पण जुने चालक अजूनही मुंबई-आग्रा रस्त्याला ‘तीन नंबर’ आणि पुणे-बंगळूर रस्त्याला ‘चार नंबर’ म्हणतात. आपण तसेच लिहावे आणि शेजारी गावांची नावे द्यावीत. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्गाने आलो असे सांगितले, तर तो प्रसंग ११ डिसेंबर २०२२ नंतरचा, कारण तो टप्पा त्या दिवशी खुला झाला.

एवढ्याने भागले नाही तर घरच्या बाईंना विचारावे. मुरैनाच्या लग्नाचे साल मामांना सांगता येईना. मामी आतून म्हणाल्या, ‘त्या खेपेहून आले तेव्हा धाकटीचे बारसे होऊन गेले होते.’ त्या एका वाक्याने साल लागले, आणि मामा त्या दिवशी घरी का नव्हते हेही वहीत आले. चालकाच्या घरी वाट पाहणाऱ्या माणसांकडे त्याच खेपेची दुसरी बाजू असते. ती मी पूर्वी विचारत नसे, आता प्रत्येक वेळी विचारतो.

लिहिताना

किस्सा गाडी भरण्यापासून सुरू करावा आणि हसू कुठे येणार हे आधी सांगू नये. पेणहून गणेशमूर्ती घेऊन इंदूरला गेलेल्या एका चालकाची हकीकत सांगतो. मूर्तींचे वजन फार नसते, पण त्या जागा खूप अडवतात. त्यामुळे वजनाच्या मानाने गाडी रिकामी आणि डोळ्यांना मात्र गच्च भरलेली दिसते. सगळ्या मूर्तींभोवती पेंढा घट्ट बसवला होता. एक मूर्ती उंच असल्याने तिच्या मुखाभोवती ताडपत्रीची नुसती घडी घातली होती. प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवावी लागत होती. चालक आणि क्लीनर दोघांनी वाटेत तंबाखू खायची नाही असे ठरवले होते. कसारा घाट चढून, धुळे मागे टाकून ते पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात पोहोचले तेव्हा पुढे एक गाडी बंद पडल्याने रांग लागली होती. वाऱ्याने ताडपत्रीची घडी उडाली आणि मागच्या गाडीच्या दिव्यात गणपतीचे मुख दिसले.

मागचा चालक आपल्या केबिनमधली उदबत्ती घेऊन उतरला. त्याच्यामागून दुसरा आला, मग कोणीतरी बिजासन मातेच्या देवळाजवळच्या दुकानातून नारळ आणला. आमचा चालक हात जोडून सांगत होता, ‘भाई, अभी प्राणप्रतिष्ठा नहीं हुई, ये माल है.’ त्यावर एक वयस्क चालक म्हणाला, ‘माल तेरे लिए. हमारे लिए तो गणपति है.’ घाटात, रात्री, पाच राज्यांच्या पाट्या असलेल्या गाड्यांच्या मधोमध आरती झाली. मराठी शब्द येत नव्हते ते चालक नुसता ताल धरत होते. रांग सुटली तेव्हा केबिनमध्ये अकरा नारळ जमले होते, आणि परतीच्या वाटेवर क्लीनरने चार दिवस प्रत्येक जेवणाला खोबऱ्याची चटणी केली.

ही हकीकत मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा सुरुवातीलाच आरती आणली होती आणि ती फिकी पडली. पेंढा, गतिरोधक, तंबाखू न खाण्याचा नेम हे आधी आल्यावरच त्या माणसाने दोन दिवस काय सांभाळले होते ते उमगते.

काय वगळावे

गाडीचा नंबर, मालकाचे नाव, हुंडेकऱ्याचे नाव लिहू नये. चालकाचे नावही त्याने स्वतः सांगितल्याशिवाय देऊ नये, कारण एका वाक्यामुळे त्याचे काम जाऊ शकते. चेकपोस्टवरच्या पैशांच्या गोष्टी निघतात. त्या लिहायच्या असतील तर ठिकाण आणि माणूस ओळखू येणार नाही अशा लिहाव्यात. एखाद्या प्रांताच्या लोकांची टिंगल ज्यात आहे तो किस्सा मी घेत नाही. अपघाताची आठवण निघाली तर वही मिटावी आणि नुसते ऐकावे.

शेवटचे काम म्हणजे लिहिलेले सगळे त्या चालकाला मोठ्याने वाचून दाखवणे, आणि शक्यतो त्याच्या क्लीनरच्या समोर. गणपतीची हकीकत मी आडगाव नाक्यावर वाचून दाखवली. चालक मान डोलवत होते. क्लीनर, जो आता स्वतः दहाचाकी चालवतो, शेवटी म्हणाला, ‘नारळ तेरा होते. दोन मी घरी नेले, ते उस्तादांना अजून माहीत नाही.’ मी अकरा खोडले नाहीत. शेजारी तेरा लिहिले आणि कोणी सांगितले तेही लिहिले.