माझ्या थीसिसमधली मिसरी

बायोकेमिस्ट्रीच्या एमडीला विषय मिळाला तेव्हा मी खुशीत होते: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्णांमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल आणि त्यांना आवरणारे अँटिऑक्सिडंट यांचा बिघडलेला तोल. रक्त घ्यायचं, एमडीए (फ्री रॅडिकलनी चरबी बिघडवली की तयार होणारा पदार्थ) मोजायचं, आणि अँटिऑक्सिडंटपैकी ग्लुटाथायोन, एसओडी हे एन्झाइम, क जीवनसत्त्व मोजायचं. रुग्णांत एमडीए वाढलेलं आणि बाकीचं उतरलेलं निघणार, हे सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) लिहितानाच दिसत होतं. निघालंही तसंच. पण त्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, हे सांगता यायला दोन वर्षं गेली. यंदा ज्यांनी असा विषय घेतलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझे पहिले बारा नमुने बेसिनमध्ये गेले. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, रक्ताची नळी (बल्ब) खिशात टाकून तीन मजले उतरणं; सेंट्रिफ्यूजमधून बाहेर आलेला प्लाझ्मा कोकम सरबतासारखा. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातले एन्झाइम आणि हिमोग्लोबिन प्लाझ्मात उतरतं, आणि तुम्ही रुग्णाऐवजी स्वतःचा हात मोजत बसता. त्यात एमडीएची चाचणीही गुलाबी रंगाचीच: थायोबार्बिट्युरिक ॲसिडबरोबर उकळायचं, 532 नॅनोमीटरला वाचायचं. क जीवनसत्त्व तर थांबतच नाही. प्लाझ्मा वेगळा झाल्याबरोबर मेटाफॉस्फोरिक ॲसिडमध्ये घ्या, 'जेवून आल्यावर करू' म्हणालात की गेलं.

एसओडीचं एकक नीट ठरवा. या बायकांच्या अंगावरून महिनोन्महिने जात असतं, हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं. मिलिलिटरमागे मांडलं तर एसओडी कमी दिसणारच, ज्यांच्यात ते असतं त्या लाल पेशीच कमी आहेत. ग्रॅम हिमोग्लोबिनमागे मांडल्यावर माझा फरक चांगलाच आकसला. वाईट वाटलं, पण खरा तोच होता.

कंट्रोल (तुलनेसाठीचा निरोगी गट) म्हणून मी नर्सिंग हॉस्टेलच्या मुली घेतल्या होत्या. हातासरशी मिळाल्या, हसत रक्त दिलं. गाइड मॅडमनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "सासवांची तुलना सुनांशी करतेस होय?" मग रुग्णाबरोबर आलेल्या जावा, बहिणी, नणंदा शोधल्या. वय जवळपास तेच, चूलही बऱ्याचदा तीच.

आणि मिसरी. माझ्या फॉर्मवर 'तंबाखू: हो/नाही' असा रकाना होता आणि जवळपास सगळ्याजणी 'नाही' सांगत होत्या. एकदा एका मावशींची कनवटीची डबी खाली पडली. "मावशी, तंबाखू नाही म्हणालात ना?" "नाहीच गं बाई. ही मिसरी. दाताला लावायची." भाजलेली तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी दातवण. तंबाखू स्वतःच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवते, म्हणजे माझे दोन्ही गट गढूळ. सगळ्यांना परत विचारलं. ज्या घरी गेल्या होत्या त्यांना फोनवरून. तेव्हा प्रश्न 'मिसरी दिवसातून किती वेळा?' असाच विचारा.

नमुना रेडिएशन आणि सिसप्लॅटिन (केमोथेरपीचं औषध) सुरू होण्याआधीच घ्या. दोन्ही उपचार फ्री रॅडिकल वाढवतात, नंतरच्या रक्तात आजार कुठला आणि उपचार कुठला हे वेगळं काढता येत नाही.

निष्कर्षात हात आखडता ठेवा. या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. सुमारे 70 टक्के रुग्णांत त्याचे प्रकार 16 आणि 18. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस त्याला हातभार लावत असेल, पण एकदाच घेतलेल्या रक्तावरून आधी काय झालं ते कळत नाही. भूक मेलेल्या बाईचं क जीवनसत्त्व कॅन्सर नसतानाही उतरतंच. हे परीक्षकांनी विचारण्याआधी स्वतःच लिहून टाका.

वॉर्डात मात्र तुम्हाला दुसरंच विचारतील. रक्त काढताना 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द कानावर पडला की मुलगा मागोमाग येतो, "मॅडम, त्याच्या गोळ्या आणू का?" मीही सुरुवातीला 'आणा की' म्हणून गेले होते. रेडिएशन पेशी मारतं ते बरंचसं फ्री रॅडिकलच्या जोरावर, त्यामुळे उपचार चालू असताना मोठ्या डोसच्या गोळ्या परस्पर सुरू करायच्या नसतात. आता मी त्याला रेडिएशनच्या डॉक्टरांकडे पाठवते, आणि आईला जेवणात काय काय जातंय ते विचारते.