रशियनमधला ‘ई’ आणि ‘ऊ’ यांच्यामधला स्वर शिकवताना

नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याला रशियन शिकवताना ‘ई’ आणि ‘ऊ’ यांच्यामधला स्वर हमखास अडतो, कारण मराठीत त्यासाठी अक्षरच नाही. त्याला लांब ‘ऊ’ म्हणायला लावावे आणि जीभ मागे तशीच ठेवून केवळ ओठांचा चंबू सोडून ते हसल्यासारखे फाकवायला सांगावे. समोर आरसा असल्यास उत्तम. हा स्वर निसटून ‘ई’ झाला, तर ‘तो होता’ या अर्थाचा शब्द ‘तो मारत होता’ असा ऐकू येतो.

आघात (उच्चारातला जोर) नसलेला ‘ओ’ त्या मानाने सोपा आहे. दुधासाठीच्या शब्दात तीन ‘ओ’ लिहितात, पण उच्चार ‘म-ल-को’ असा करतात; मात्र मधला ‘अ’ आपण मराठी सवयीने गिळतो, तेवढे तिथे टोकावे.